खळ्यावरचें अर्थशास्त्र आणि त्याचीं साधनें

अर्थशास्त्र म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें पैसा, बाजार, पेढी आणि सरकारी अंदाजपत्रक हीं उभीं राहतात. परंतु जगांतील बहुतेक माणसांनीं, बहुतेक काळ, आपला संसार बाजारावांचून किंवा बाजाराच्या कडेकडेनें चालविला आहे. सुतारानें नांगर दुरुस्त केला आणि त्या दिवशीं एक पैहि घेतली नाहीं. मामानें भाच्याच्या लग्नांत आहेर केला आणि त्याची नोंद वहींत ठेविली गेली. दूरच्या बेटावरील माणसानें शिंपल्याचें कंकण मोठ्या कष्टानें मिळविलें आणि कांहीं काळानें तें दुसऱ्यास देऊन टाकलें. हे सर्व अर्थव्यवहारच होत. ते कां होतात, कोणत्या नियमांनीं होतात, आणि त्यांत कोणाचा लाभ व कोणाची हानि होते, याचा शोध घेणाऱ्या शास्त्रास आर्थिक मानवशास्त्र असें म्हणतात. अशा विषयाचा अभ्यास करूं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यानें साधनें कोठें व कशीं शोधावीं, आणि सांपडल्यावर त्यांच्यावर कितपत विसंबावें, हें एका उदाहरणानें दाखवावें, असा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. उदाहरण आपल्याच मुलखांतील घेतलें आहे. तें म्हणजे बलुतें.

हें उदाहरण निवडण्यास एक कारण घडलें. कांहीं वर्षांपूर्वीं वर्गांत ग्रामव्यवस्थेचा धडा शिकवितांना मीं बलुतेदारीचें मोठें रसभरित वर्णन केलें. कुणबी पिकवी, सुतार-लोहार त्याचें औत सजवीत, कुंभार मडकीं देई, आणि सुगी आली कीं सर्वजण एकाच राशींतून आपापला वांटा घेऊन जात. न तंटा, न बखेडा, असें कांहींसें तें चित्र होतें. तास संपल्यावर एक विद्यार्थी मागें राहिला. “सर, माझी आजी निराळें सांगते,” एवढेंच तो बोलला आणि खालीं पाहूं लागला. चौकशी केली तेव्हां कळलें कीं, त्याची आजी लहानपणीं आपल्या आईबरोबर टोपली घेऊन खळ्यावर जात असे. त्या क्षणीं माझ्या लक्षांत आलें कीं, मीं वर्गांत जें सांगितलें तें एका पुस्तकावरून सांगितलें होतें, आणि तें पुस्तक कोणीं व कोठें बसून लिहिलें याचा विचारहि केला नव्हता. मग मीं शोधास आरंभ केला. त्या शोधांत ज्या पायऱ्या चढाव्या लागल्या, त्याच येथें क्रमानें देतों.

पहिली पायरी प्रश्न लहान करण्याची. ‘हिंदुस्थानांतील ग्रामीण अर्थव्यवस्था’ हा प्रश्न नव्हे, तो समुद्र आहे. त्यांत उडी घेणाऱ्यास काठ सांपडत नाहीं. ‘बलुतेदारास त्याच्या कामाबद्दल नक्की काय मिळे, तें कोण ठरवी, आणि न मिळाल्यास तो काय करूं शके?’ हा प्रश्न मात्र दोन ओळींत मावतो, आणि शोध कोणत्या कपाटापाशीं आरंभावा हें तोच सांगतो.

दुसरी पायरी कोशाची. विद्यार्थी कोश उघडतात तो अडलेल्या शब्दाचा अर्थ पाहण्यापुरता. परंतु जुना कोश हा एका काळच्या समाजाची वहीच असतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ति १८३१ सालीं व दुसरी, वाढविलेली, १८५७ सालीं निघाली. त्यांत बलुतेदार बारा सांगितले असून त्यांच्या तीन कासा केल्या आहेत. सुतार, लोहार, महार व मांग हे थोरल्या कासेचे. कुंभार, चांभार, परीट व न्हावी हे मधल्या कासेचे. भट, मुलाणा, गुरव व कोळी हे धाकट्या कासेचे. वांटा पाचुंद्यांनीं मोजावयाचा. पाचुंदा म्हणजे पांच पेंढ्यांचा जुडगा. थोरल्या कासेंतील तिघांस प्रत्येकीं ४ पाचुंदे व महारास ८, मधल्या कासेंत प्रत्येकीं ३, आणि धाकट्या कासेंत प्रत्येकीं २, असें हें प्रमाण आहे. बेरीज केली तर एकंदर ४० पाचुंदे, म्हणजे २०० पेंढ्या होतात, आणि त्यांतला पांचवा हिस्सा एकट्या महाराच्या नांवें पडतो.

कागदावर पाहिलें तर हा वांटा सर्वांत मोठा. येथेंच घाईनें निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण वांटा मोठा कां, हें विचारलें पाहिजे. एक तर काम सर्वांत अधिक: गांवची राखण, शिवेच्या तंट्यांत साक्ष, सरकारी निरोप व वसूल पोंचविणें, मेलेलें जनावर ओढून नेणें. दुसरें असें कीं, गांवांत सुताराचें एखाददुसरें घर असे, तर महारांचीं घरें पुष्कळ असत; तेव्हां तोच वांटा अनेक चुलींत फुटे. शिवाय कोश हक्क सांगतो. हातीं प्रत्यक्ष काय पडलें तें सांगत नाहीं. हक्क आणि प्राप्ति या दोहोंतील अंतर मोजणें हेंच पुढच्या शोधाचें काम.

तिसरी पायरी नांवांची. ग्रंथालयाची सूची मुकी असते; आपण योग्य नांवानें हांक मारली तरच ती उत्तर देते. बलुतेदारीसारख्या पद्धतीस उत्तर हिंदुस्थानांत जजमानी म्हणतात. कर्नाटक व आंध्र या प्रांतांत गांवच्या अशा सेवकांस आयगार हें नांव आहे. म्हणून केवळ ‘बलुतें’ एवढ्याच शब्दावर थांबूं नये. वतन, हक्क, मिरास, ग्रामसेवक, वेठ हे शब्दहि पाहावे. इंग्रजी ग्रंथांत आणखी एक अडचण येते. ग्रँट डफच्या १८२६ सालच्या मराठ्यांच्या इतिहासांत बलुतेदारांचें वर्णन आहे, पण त्या काळचें इंग्रजी वर्णलेखन आजच्यासारखें नाहीं. त्यामुळें आजच्या वर्णलेखनानें शोधणारा त्या पानावरून सरळ पुढें निघून जातो. शोधास निघण्यापूर्वीं एका कागदावर अशा सर्व नांवांची यादी करून ठेवावी.

चौथी पायरी सरकारी व खाजगी पाहणीची. मुंबई इलाख्याचे जे गॅझेटिअर जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखालीं निघाले, त्यांत जिल्ह्यांचे खंड आहेत. नाशिकचा खंड १८८३ चा, अहमदनगरचा १८८४ चा, पुण्याचा तीन भागांत १८८५ चा. त्यांत जातींची वर्णनें, मजुरीचे दर, धान्याचे भाव, वजनें-मापें, कर्जाच्या रीति यांची माहिती भरपूर आहे. पूर्वीं हे खंड पाहावयास मोठ्या शहरीं जावें लागे. आतां ते व तत्कालीन दुसरीं पुष्कळ पुस्तकें इंटरनेट आर्काइव्हसारख्या ठिकाणीं संगणकावर विनामूल्य वाचावयास मिळतात. याच काळांतले जमीनमहसुलाचे सर्व्हे-अहवालहि पाहण्याजोगे आहेत.

मराठींत या विषयावरचा आद्य मानावा असा ग्रंथ म्हणजे त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांव-गाडा’, इ. स. १९१५ चा. आत्रे यांनीं मुलकी खात्यांत नोकरी केली होती व गांव डोळ्यांनीं पाहिलें होतें. त्यांच्या लिखाणांत बारीकसारीक तपशिलाची अशी रेलचेल आहे कीं, दुसऱ्या कोणत्याहि पुस्तकांत ती क्वचितच सांपडेल. त्यानंतर पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रमुख डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं पुण्याजवळील पिंपळें सौदागर या गांवाची पाहणी करून १९१७ सालीं ती प्रसिद्ध केली, आणि १९२१ सालीं कानिटकर यांच्या साह्यानें जातेगांव बुद्रुकची दुसरी पाहणी छापली. जमिनीचे तुकडे, कर्ज आणि घरोघरचें उत्पन्न यांचे आंकडे त्यांत आहेत. उत्तरेकडे अमेरिकन मिशनरी विल्यम वायझर यांनीं मैनपुरी जिल्ह्यांतील करीमपूर येथें राहून १९३६ सालीं जजमानीवर पुस्तक लिहिलें. कोणती जात कोणाची कोणती सेवा करते व त्याबद्दल काय घेते, याचें त्यांनीं पद्धतशीर टांचण केलें. पुण्यांतील गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० सालीं स्थापन झाली. धनंजयराव गाडगीळ हे तिचे पहिले संचालक. त्यांच्याच नांवानें ओळखलें जाणारें तेथील ग्रंथालय या विषयाच्या अभ्यासकास फार उपयुक्त आहे.

आतां पाहा, हे सर्व लेखक प्रामाणिक असूनहि त्यांचीं मतें जुळत नाहींत. आत्रे यांस वतनदारीचें ओझें कुणब्याच्या खांद्यावर पडतांना दिसतें. वायझर यांस गांवांतील लोक एकमेकांची सेवा करतांना दिसतात. पुढें १९५९ सालीं बाइडलमन यांनीं जजमानीचीं तोंवरचीं वर्णनें तपासून असें प्रतिपादन केलें कीं, ज्याच्या हातीं जमीन त्याच्या हातीं सत्ता, व ही पद्धति त्या सत्तेवर उभी आहे. एकाच गोष्टीकडे तिघे तीन बाजूंनीं पाहतात. विद्यार्थ्यानें यांतील एकास खरा व इतरांस खोटा ठरविण्याची घाई करूं नये. प्रत्येक पुस्तक उघडतांना चार प्रश्न विचारावे: हें कोणीं लिहिलें? कोणासाठीं लिहिलें? त्यास माहिती कोणीं दिली? आणि कोणास विचारण्याचें राहून गेलें?

पांचवी पायरी दप्तराची. ही चढावयास कठीण, कारण जुने कागद मोडींत आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालीं पुण्यांत स्थापन झालें. त्याच्या संस्थापकांपैकीं वि. का. राजवाडे यांनीं त्यापूर्वींच, १८९८ पासून, ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ छापण्यास आरंभ केला होता. पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० ते १९३४ या काळांत निघाले. मूळ दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारांत आहे. आपल्या प्रश्नास उपयोगी कागद म्हणजे महजर, निवाडे व वतनाचे तंटे. जेथें सर्व सुरळीत चाललें तेथें कोणी कांहीं लिहून ठेवीत नाहीं. भांडण झालें म्हणजेच कागद होतो. म्हणून तंट्याचा कागद हा संशोधकाचा मोठा साह्यकर्ता. अशा कागदांच्या आधारें जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनीं १९७२ सालीं असें दाखविलें कीं, अठराव्या शतकांतील महाराष्ट्रांत बलुतेदार हा एकेका घराचा नव्हे, तर सबंध गांवाचा सेवक होता. उत्तरेकडील जजमानींत नातें घराघराचें असतें. तेव्हां वायझर यांचे निष्कर्ष जसेच्या तसे आपल्याकडे लावतां येत नाहींत. आपल्या गांवचा इतिहास एका परदेशी पंडितानें आपल्याच दप्तरांतून उलगडावा, ही गोष्ट आपणांस मोडी शिकण्याची प्रेरणा देण्यास पुरेशी आहे.

सहावी पायरी तुलनेची. आपलें गांव एकटें पाहिलें तर त्यांतील सर्वच गोष्टी एकतर स्वाभाविक वाटतात किंवा विचित्र. म्हणून जगांतील इतर लोकांचे व्यवहार पाहावे. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनीं पॅसिफिक महासागरांतील ट्रोब्रियांड बेटांवर १९१५ ते १९१८ या काळांत दोन वेळां दीर्घ मुक्काम केला, आणि १९२२ सालीं तेथील ‘कुला’ या देवघेवीचें वर्णन प्रसिद्ध केलें. तांबड्या शिंपल्यांच्या माळा एका दिशेनें व पांढऱ्या शिंपल्यांचीं कंकणें उलट दिशेनें बेटाबेटांतून फिरत असतात. कोणीहि तीं कायमचीं ठेवीत नाहीं. पण त्यांच्या देवघेवीवर माणसाची प्रतिष्ठा अवलंबून असते. मार्सेल मोस या फ्रेंच पंडितानें १९२५ च्या सुमारास आपल्या प्रसिद्ध निबंधांत दाखविलें कीं, देणगी ही वरवर ऐच्छिक, परंतु वस्तुतः देणें, घेणें व परत करणें या तीन बंधनांनीं बांधलेली असते. कार्ल पोलान्यी यांनीं १९४४ सालच्या ग्रंथांत परस्पर देवघेव, एका जागीं जमवून वांटप, आणि बाजारांतील विनिमय असे व्यवहाराचे निरनिराळे प्रकार सांगितले. त्यांच्याच सहकाऱ्यांच्या १९५७ सालच्या ग्रंथांत वॉल्टर नील यांनीं हिंदुस्थानांतील खेड्याच्या धान्याच्या राशीचा याच दृष्टीनें विचार केला आहे. आपलें खळें म्हणजे दुसऱ्या प्रकाराचें नमुनेदार उदाहरण: रास एक, वांटेकरी अनेक.

या शास्त्राची एकत्र ओळख करून घ्यावयाची असल्यास मेल्व्हिल हर्स्कोव्हिट्स यांचा १९४० सालचा ग्रंथ जुन्या काळचा म्हणून, आणि हॅन व हार्ट यांचें २०११ सालचें छोटें पुस्तक आजच्या काळचें म्हणून वाचावें. जेम्स कॅरिअर यांनीं संपादिलेला संदर्भग्रंथ २००५ सालीं निघाला. त्यांतील प्रत्येक प्रकरणाच्या शेवटीं पुढील वाचनाची वाट सांपडते. अमेरिकेंत येल येथें १९४९ सालीं स्थापन झालेल्या एका संस्थेनें जगांतील शेंकडों समाजांचीं वर्णनें जमवून त्यांतील मजकूर विषयवार निवडून ठेविला आहे. तिचें नांव ह्यूमन रिलेशन्स एरिया फाइल्स. ज्या विद्यापीठानें तिची वर्गणी भरली असेल तेथें तिचा उपयोग करतां येतो. एक युक्ति मात्र कोणत्याहि वर्गणीवांचून साधते. एक चांगलें अलीकडचें पुस्तक घ्यावें, त्याच्या तळटीपा वाचाव्या, त्यांतील ग्रंथ मिळवून त्यांच्याहि तळटीपा वाचाव्या. तींच तींच नांवें पुन्हां येऊं लागलीं म्हणजे समजावें कीं, आपण या क्षेत्राच्या मध्यभागीं पोंचलों.

येथवर आलों आणि माझ्या ध्यानांत आलें कीं, एवढ्या ग्रंथांत बलुतें देणारा बोलतो, मोजणारा बोलतो, पाहणारा बोलतो; बलुतें घेणारा मात्र क्वचितच बोलतो. तो कोठें बोलला, हें शोधणें ही सातवी पायरी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत वतनाच्या कायद्याच्या दुरुस्तीचें विधेयक मांडलें. महार वतनदारांच्या कामाचा मोबदला गांवाच्या मर्जीवर राहूं नये, हें त्यामागील मुख्य सूत्र. कायदेमंडळांतील त्यांचीं भाषणें महाराष्ट्र शासनानें प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या दुसऱ्या खंडांत आहेत. कनिष्ठ ग्रामवतनें नष्ट करणारा कायदा पुढें १९५८ सालीं झाला. आणि १९७८ सालीं दया पवार यांचें आत्मकथन प्रसिद्ध झालें. त्याचें नांवच ‘बलुतं’. मोल्सवर्थच्या कोशांतील शब्द आणि हें शीर्षक हीं शेजारीं ठेवून पाहावीं. पहिल्यांत तो हक्काचा वांटा आहे. दुसऱ्यांत जन्मानें पदरीं आलेलें दुःख. शब्द एकच, पण कोणाच्या तोंडीं आहे, यावर त्याचा अर्थ बदलतो.

शेवटची पायरी जिवंत माणसाची. एका रविवारीं मी त्या विद्यार्थ्याच्या घरीं गेलों. आजीबाईंनीं प्रथम नकार दिला. “आतां तें कशाला काढतां, मास्तर? गेलं तें गेलं,” असें म्हणाल्या. मग चहा झाला, नातू जवळ येऊन बसला, आणि हळूहळू त्या सांगूं लागल्या. खळ्यावर त्यांची पाळी नेहमीं शेवटीं येई. तोंवर राशीच्या तळाशीं माती मिसळलेलें धान्य उरलेलें असे. देणारा हात टोपलीस लागूं देत नसे, वरूनच टाकी. त्यांच्या आईस अक्षर येत नव्हतें, पण ती पदराच्या गांठींत खडे बांधून नेई. जितक्या पेंढ्या ठरलेल्या तितके खडे. पेंढी मिळाली कीं एक खडा टाकावयाचा. घरीं आल्यावर गांठींत उरलेले खडे म्हणजे बुडालेलें बलुतें. “मग त्या उरलेल्या खड्यांचें काय करीत असत?” मीं विचारलें. “काय करणार? कोनाड्यांत ठेवायची,” आजीबाई म्हणाल्या. त्याच आजीबाईंनीं हेंहि सांगितलें कीं, एका वाईट वर्षीं एका कुणबिणीनें रात्रीं स्वतः येऊन दारांत पायलीभर जोंधळे ठेविले व कोणास सांगूं नका म्हणून विनविलें. साक्ष अशी एकरंगी नसते. म्हणूनच ती खरी वाटते.

वृद्धांच्या आठवणींतहि चूक असूं शकते. काळ मागेंपुढें होतो, आंकडे वाढतात किंवा घटतात. म्हणून त्याहि इतर साधनांशीं ताडून पाहाव्या. सांगणाऱ्याची परवानगी घ्यावी, बोललेलें त्याच दिवशीं त्याच्याच शब्दांत लिहून काढावें, तारीख घालावी, आणि तो नांव देऊं नका म्हणाला तर तें देऊं नये. पुस्तकांतील टांचणासहि हाच नियम: ग्रंथ, आवृत्ति व पृष्ठ लिहिल्यावांचून एक ओळहि उतरून घेऊं नये. आज लक्षांत राहील असें वाटतें. महिन्याभरानें तेंच वाक्य कोठलें तें आठवत नाहीं व सबंध श्रम वायां जातात.

पुढील वर्षीं तोच धडा शिकवावयाची वेळ आली तेव्हां मीं फळ्यावर साधनांची यादी लिहिली: कोश, गॅझेटिअर, गांव-गाडा, दप्तर, कायदेमंडळांतील भाषणें, आत्मकथन. सर्वांत शेवटीं लिहिलें: कोनाड्यांतील खडे. त्यांचा अर्थ काय, हें सांगण्यासाठीं मीं त्या विद्यार्थ्यास पुढें बोलाविलें. त्यानें तो खालीं न पाहतां सांगितला.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं असें एखादें माणूस आहे, ज्यानें खळें पाहिलें आहे, आहेराची वही लिहिली आहे, सावकाराचा अंगठा पाहिला आहे, किंवा शेजारच्या घरीं इरजिकीस बैल नेले आहेत. येत्या सुटींत घरीं जाल तेव्हां एक कोरी वही बरोबर न्या. दूरच्या ग्रंथालयांतील पुस्तकें वाट पाहतील. तीं आणखी शंभर वर्षें तेथेंच राहणार आहेत. हीं माणसें राहणार नाहींत.